काचबिंदू, बोलणारा फोन आणि फुटलेला भाव

मी कापूस विकत घेणारा माणूस आहे. खामगावच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, पिंपळगाव राजाच्या खरेदी केंद्रावर बसतो. त्याच मैदानात आधी हमाली केली, मग वजनकाट्यावर उभा राहिलो, मग खरेदीच्या खुर्चीवर बसलो. ती खुर्ची मला कोणी बोलावून दिली नाही, भांडून घेतली.

मला दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्यात दाराच्या फटीएवढा उजेड उरला आहे. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण उभा आहे ते कळत नाही.

ज्याला हे दुखणं नुकतंच कळलं असेल आणि ज्याला तरीही कामावर जायचं असेल, त्याच्यासाठी लिहितो. थेंबांची नावं तुमचे डॉक्टर सांगतील. मला जे कोणी सांगितलं नाही, तेवढंच मी सांगणार आहे.

यंत्राशी सौदा

काचबिंदू दुखत नाही. दुखला असता तर मी लवकर गेलो असतो. बाजूची नजर आधी जाते आणि माणसाला वाटतं, जगच मध्ये मध्ये येतंय. मैदानात उभ्या टेम्पोच्या फाळक्यावर माझं कपाळ आपटलं तेव्हा मी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. तो बिचारा म्हणाला, "भाऊ, गाडी तं सकाळपासून इथंच उभी हाये."

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून खामगावात चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने नंबर काढता काढता हात थांबवला आणि अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं.

तिथे एका यंत्रात हनुवटी ठेवून बसवतात. समोर पांढरा घुमट असतो. त्यात कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, दिवे कमी येत आहेत. म्हणजे मला कमी दिसत आहेत. मी हरतोय असं वाटलं आणि मी अंदाजाने बटण दाबायला लागलो. बाजारात समोरच्याचा आकडा कळला नाही तरी चेहऱ्यावर दाखवायचं नसतं, तीच सवय.

डॉक्टर तरुण बाई होत्या. कागद पाहून म्हणाल्या, "काका, दिवा नसताना पण दाबताय."

"मशीन बरोबर नसंन."

"मशीनला फसवून नजर वाढत नाही. परत बसा."

परत बसलो. या वेळी खरं दाबलं. खूप वेळ दाबायला काहीच आलं नाही.

मग त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं. मी विचारलं, "नजर किती परत येईन?"

"गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची."

"काई तरी कमी-जास्त करा ना, बाई."

"इथे कमी-जास्त नाही, काका."

आयुष्यात पहिल्यांदा असं दुकान लागलं जिथे एकच भाव होता. बायको शोभा शेजारच्या बाकावर होती.  परतीच्या बसमध्ये बाळापूर मागे पडलं तेव्हा हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नका. लोकाइले कळलं तं तुमचा भाव पाडतीन."

शेठलाच तेवढं सांगितलं, कारण सुट्टी लागणार होती. जिनिंगचे मालक ते, मला हमालीपासून ओळखतात. त्यांनीही तेच सांगितलं, "डोळ्याचं साधं ऑपरेशन आहे म्हण. बाकीचं कोणाला सांगू नको." तिघांचं एकमत झालं. आमच्या धंद्यात आपली गरज आणि आपली उणीव दाखवणारा माणूस बसल्या जागी लुटला जातो. ही गोष्ट आम्हाला शिकवावी लागत नाही.

वॉर्डात

ऑपरेशन उरलेल्या डोळ्यावर झालं, म्हणजे जे आहे ते धरून ठेवण्यासाठी. दोन्ही डोळे झाकून पडलो होतो. दर थोड्या वेळाने कोणीतरी यायचं, पापणी ओढायचं, थेंब टाकायचं आणि निघून जायचं. आपण माणूस नसून नळाची तोटी आहोत असं वाटायला लागतं. मी सगळ्यांवर ओरडायचो. जेवणाच्या ताटावरून ओरडलो, पंख्यावरून ओरडलो, शोभा फोनवर हळू बोलते म्हणून ओरडलो.

एक नर्स मात्र हात लावण्याआधी नाव सांगायची. "मी शबाना, काका. थेंब टाकते. आता उजवीकडे येते." एवढंच. तिच्यावर मला ओरडता आलं नाही. दवाखान्यातली सगळ्यात मोठी सोय कोणती असं कोणी विचारलं तर मी ती सांगेन.

शोभाने वॉर्डात एकच हट्ट धरला. "आता बस झालं. खुर्ची सोडा. घरी बसा. दोन म्हशी घेऊ."

"म्हशीचं दूध काढाले डोये लागत नाईत का?"

"म्या काढीन."

"अन् मी काय करू?"

"ओरडजा म्हशीवर," ती म्हणाली. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा हसला. मलाही हसू आलं असतं, पण डोळ्याला ताण देऊ नका असं सांगितलं होतं.

फोटो, फोटो, फोटो

मी परत आलो तो गुलाबी बोंडअळीचा हंगाम होता. बीटी कापसाला अळी लागत नाही या भरवशावर सगळ्यांनी तेच बियाणं पेरलं होतं, आणि अळी आत शिरून सरकी खाऊन बसली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत पिवळी घाण. वेचणाऱ्या बायांच्या हाताला खाज सुटायची. कोणी उभ्या पराटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, गुरं सोडली, कोणी नांगर घातला. जो कापूस मैदानात यायचा त्यात कवडी, म्हणजे न उमललेला डागी कापूस, इतका असायचा की प्रत्येक ढिगाची किंमत वेगळी.

म्हणून ऑफिसने सगळ्या केंद्रांना फोनमध्ये एक चॅट ॲप टाकायला लावलं. त्यात वेगवेगळे गट. 'आवक'मध्ये प्रत्येक ढिगाचा फोटो टाकायचा. 'भाव'मध्ये सकाळी ऑफिसकडून हद्द यायची, म्हणजे त्या दिवशी कुठपर्यंत जायचं तो आकडा. हद्दीच्या जितकं खाली घ्याल तितकी तुमची हुशारी. ऑफिसमध्ये खरेदी बघणारा निखिल होता, शहरात शिकून आलेला. शिव्या देत नाही, आवाज चढवत नाही. अशा माणसाशी मला भांडता येत नाही.

हे गट वाचायला मला स्क्रीन रीडर लागला, म्हणजे फोन आपल्याला वाचून दाखवतो. बोट सरकवा, बोटाखाली जे असेल ते एक बाई बोलते. दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. मला हे बुलडाण्याच्या वैशालीताईंनी शिकवलं. त्या बँकेत काम करतात, जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या फोनमधली बाई इतकी भरभर बोलते की मला वाटलं फोन बिघडला आहे.

"हे कोन्ती भाषा हाये, ताई?"

"मराठीच आहे. तुमचे कान सावकाश चालतात."

पहिल्या दिवशी मी फोन दोनदा आपटला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्यांदा आपटायचा असेल तर घरी जाऊन आपटा. माझ्या टेबलाची काच तुमच्या फोनपेक्षा महाग आहे." त्यांच्यासमोर माझी डाळ शिजली नाही. दिवाळीपर्यंत मी संदेश ऐकायला आणि अक्षर अक्षर लिहायला शिकलो. जाताना त्यांनी बजावलं, "ऑफिसला स्पष्ट सांगा की तुम्ही रीडरवर आहात. नाहीतर ते तुम्हाला फोटो पाठवत राहतील आणि तुम्ही भिंतीशी बोलत राहाल."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ताई बँकेत होत्या, बाजारात नव्हत्या.

झालं तसंच. सकाळी 'आवक' उघडायचो तर बाई म्हणायची, "फोटो. फोटो. अंगठा वर. फोटो. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. फोटो." कोणत्या केंद्रावर कसला माल आला, कवडी किती, रंग कसा, सगळं त्या 'फोटो' शब्दाच्या आत बंद. लोकांची अख्ख्या वर्षाची शेती त्यात होती आणि मला ऐकू येत होता तो एकच शब्द. मी गटात लिहिलं, "फोटोसोबत दोन शब्द लिहीत जा." का, ते लिहिलं नाही. निखिलने अंगठा वर केला. कोणी एक शब्द लिहिला नाही.

संग्रामपूरच्या केंद्रावर रफिकभाई आहेत, माझ्या बरोबरीचे. मला दिसत नाही हे त्यांनी एकदा माझा आवाज ऐकून ओळखलं. तेव्हापासून ते फोन करायचे. "सुनो भाऊ, आज माल पिवळा हाये, चहात बुडवल्यावानी. लिहत नाई, लिहलं तं सब पूछते का कायले लिहून राह्यला." माझ्या मैदानातल्या ढिगाचा रंग मला काटेवाला सुधाकर कानात सांगायचा. बाकी धागा, ओलावा, सरकीचं वजन हे हाताचंच काम होतं.

दुपट्ट्याखाली

बैलबाजारात सौदा दुपट्ट्याखाली होतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडाने काही नाही. ही रीत मी कापसात आणली होती. रांगेत मागे उभ्या माणसाला पुढच्याचा भाव कळता कामा नये, यासाठी. लोकांनाही ती आवडायची, कारण आपण किती पडत्या भावात दिलं हे शेजाऱ्याला कळत नसे.

डोळे गेल्यावर बाकी सगळं कठीण झालं, पण दुपट्ट्याखाली मी पहिल्यासारखाच होतो. तिथे कोणालाच दिसत नाही. समोरच्याचं बोट दाबताना जरा अडखळलं की मला कळायचं, हा अजून उतरेल. दिवसातला तेवढा वेळ मी आजारी नसायचो.

कानात इअरफोन असायचा. त्याची वायर सदऱ्यावरून खिशातल्या फोनकडे.

त्या दिवशी मैदान भरलेलं होतं. गजूभाऊ म्हणून शेतकरी, त्याचा माल इतरांपेक्षा बरा होता. आमचे हात दुपट्ट्याखाली, तीनदा आकडा इकडून तिकडे झालेला. मी हद्दीच्या बराच खाली होतो आणि तो उतरायच्या बेतात होता. मी त्याचा पंजा माझ्याकडे ओढला. दुपट्ट्याच्या दशीत वायर अडकलेली. ती फोनमधून निघाली, आणि त्याच क्षणी ऑफिसचा संदेश आला.

बाहेर उन्हात, टेम्पो-बैलगाड्यांच्या गर्दीत मलाच ऐकू यावं म्हणून मी आवाज पूर्ण वाढवून ठेवलेला असायचा. बाई खणखणीत बोलली, "भाव. निखिल. पिंपळगाव केंद्र, आजची हद्द वाढवली आहे." मग आकडा. मग, "गरज पडली तरच द्या."

 मी खिशात हात घातला, पण बंद करायची टिचकी चुकली आणि तिने सगळं पुन्हा एकदा वाचलं.

दुपट्ट्याखाली गजूभाऊने माझी बोटं सोडली. म्हणाला, "भाऊ, तुमच्यापेक्षा तुमचा फोन खरा हाये. आता कापड काढा, गर्मी होऊन राह्यली."

मागून कोणीतरी ओरडलं, "गरज पडली नं बे! मले तं लई गरज पडली!" मैदान हसलं. मग त्या दिवशी एकाही गाडीने हद्दीच्या खाली एक रुपया घेतला नाही. मी नाही म्हणालो असतो तर गाड्या फिरल्या असत्या. घेतला सगळा माल त्याच भावात. त्या हंगामात त्या लोकांना चार पैसे जास्त मिळाले, यात त्यांचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण ते मी दिले नव्हते.

दोन्हीकडून

दुपारनंतर 'भाव' गटात निखिलचा संदेश आला. मी वायर नीट लावून ऐकला. "पिंपळगाव केंद्रावरून आज भाव फोडण्यात आला. ज्यांना गावकी जपायची आहे त्यांनी घरी बसावं."

फोनमधली बाई रागावत नाही. तिने ते वाक्य गाठींचा हिशेब वाचावा त्याच सुरात वाचलं आणि पुढच्या संदेशावर गेली. पुढचा संदेश होता, "फोटो." शिवी देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, तेव्हा ती शिवी आपल्याच डोक्यात कोणीतरी बोलल्यासारखी वाटते.

मी निखिलला फोन लावला. "वायर निघाली बे! सुधाकरले विचार."

"काका, सुधाकर तुमचाच माणूस आहे."

"मले दिसत नाई म्हनून..."

"मग इतके दिवस तुम्ही भाव कसा काढत होता?"

 दिसत नाही हे मी लपवलं होतं, आणि आता सांगितलं तर बहाणा ठरत होता.

दुसरीकडे गाव. संध्याकाळी गजूभाऊ घरी आला, पिशवीत पपया घेऊन. शोभाला म्हणाला, "वहिनी, भाऊनं आज दिल दाखवलं. मुद्दाम ऐकवलं आमाले."

मी ओरडलो, "मुद्दाम नाई! वायर निघाली!"

"हाव, हाव. तसंच सांगजा वरती," असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. तो गेल्यावर मी शोभाला म्हणालो, "तुले तरी पटते नं?"

ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही. "मुद्दाम केलं असंन तरी चांगलंच केलं म्हना."

त्या वाक्यामुळे मी जेवलो नाही. ऑफिस म्हणत होतं मी भाव विकला. गाव म्हणत होतं मी भाव वाटला. आतापर्यंतच्या आयुष्यात मी एकाही माणसाला माझा आकडा आधी कळू दिला नव्हता, तेवढी एक गोष्ट माझी स्वतःची होती. आणि घरातली बाईसुद्धा हे मानायला तयार नव्हती की हे माझ्या डोळ्यांनी केलं, मी नाही. आजारपणात माणूस एकटा पडतो असं लोक म्हणतात. मी गर्दीत एकटा पडलो.

शेठच्या खोलीत

खामगावला गेलो. शोभा सोबत आली, मी नको म्हणत असताना. शेठ म्हणाले, "प्रल्हाद, तू वर्षभर आराम कर. खुर्ची कुठे जात नाही."

खुर्ची अशीच जाते, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "आराम नको. काम पाह्यजे. अन् निखिलनं जिथं लिहलं तिथंच लिहावं का मी भाव फोडला नाई."

निखिल खोलीतच होता.  त्याच्या खुर्चीचा आवाज तेवढा आला.

 शेठ म्हणाले, "कामावर ये. हद्द तुला मी स्वतः फोनवर सांगेन, मैदान उघडायच्या आधी. 'भाव' गट तुझ्या फोनवर बोलणार नाही. पण त्या लिहिण्याचं सोड. पोरगं आहे, रागात लिहिलं."

"मीबी रागातच हाओ, शेठ. मी लिहू का?"

"प्रल्हाद."

मी उठलोच होतो. शोभाने माझा हात धरला आणि शेठला म्हणाली, "अन् फोटोसंग शब्द लिहायचे. सगळ्याइनं. याइले दिसत नाई, हे आता इथं सगळ्याइच्या समोर सांगून राह्यली मी."

बसमध्ये 'कोनाले सांगू नका' म्हणालेली तीच ही.  शेठ म्हणाले, "लिहितील." हा सौदा तिने केला. माझा अर्धाच राहिला.

काढून टाकलेला

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानात लवकर गेलो. माणसं यायची होती. 'भाव' गट बंद करण्याआधी शेवटचा उघडला आणि बोट वर सरकवत गेलो, निखिलने काही लिहिलं का ते ऐकायला. त्या जागी बाई म्हणाली, "हा संदेश काढून टाकला आहे."

म्हणजे त्याने लिहिलेलं पुसलं. परत घेतलं नाही, नुसतं पुसलं. डोळे असलेला माणूस असल्या ओळीवरून पुढे जातो, त्याला तिथे काही होतं हे जाणवतही नाही. माझं बोट प्रत्येक ओळीवर थांबतं. मला ती ऐकावीच लागते. आणि वाचायचं त्यांनी सगळ्यांनी आधीच वाचलेलं होतं.

मी खुर्चीवर बसलो आणि लिहायला घेतलं. एकेक अक्षर बोटाने शोधायचं, बाईने ते म्हणायचं, मग सोडायचं. सुधाकर आला, त्याने विचारलं, "मी लिहून देऊ का?" मी नाही म्हणालो.

"वर जे काढून टाकलं आहे त्यात लिहिलं होतं की मी भाव फोडला. मी फोडला नाही. फोनची वायर निघाली. मला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. फोन मला वाचून दाखवतो, तसंच त्याने त्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवलं. प्रल्हाद, पिंपळगाव केंद्र."

पाठवलं. जी गोष्ट धंद्यात कधी सांगू नये ती मी सगळ्या केंद्रांना एकदम सांगितली होती.  ज्याने हे वाचून मला नागवायचं असेल त्याने नागवावं, असं मनात म्हणालो.

थोड्या वेळाने रफिकभाईंचा शब्द आला. "वाचलं." मग दोन केंद्रांवरून तसाच. मग 'आवक' गटात पहिल्यांदा, "फोटो. संग्रामपूर. माल पिवळसर, कवडी बरीच, धागा बरा."

वैशालीताईंनी एक सोय शिकवली होती, आपला संदेश कोणी कोणी वाचला ते ऐकायची. मी ती उघडली. बाईने नावं वाचली. त्यात निखिल होता. म्हणजे त्याने वाचलं आहे.

तुम्ही माझ्या जागी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा. लपवलेलं दुखणं नंतर सांगितलं की कोणी ते खरं धरत नाही, हे मी भोगून सांगतो. दोन्ही कानांत इअरफोन घाला आणि वायर सदऱ्याच्या आतून घ्या. आणि हात लावण्याआधी जो आपलं नाव सांगतो, त्याच्यावर ओरडू नका.

मी अजून त्याच खुर्चीवर आहे. मैदान सुरू होण्याआधी शेठचा फोन येतो. 'भाव' गट माझ्या फोनवर आता बोलत नाही. पण आठवड्यातून एखाद्या वेळी, गाड्या यायच्या आधी, मी तो उघडतो आणि माझ्या संदेशाखाली बोट सरकवतो. निखिलचा शब्द अजून आलेला नाही. मी वाट पाहणं सोडलं आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल.